वावधनामागं धावणारा माझा दीर

आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी मी लग्नाला निघाले होते. अंगावर कपाटातली राखून ठेवलेली रेशमी साडी, केसांत मोगरा, हातात आहेराची पिशवी. लग्न आरमोरीला, माझ्या आतेबहिणीच्या पोरीचं. आमच्या नागभीडहून आरमोरी म्हणजे काही लंका नाही. ब्रह्मपुरी मागं टाकली, वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. पण बस चुकली होती आणि मी ज्याच्या गाडीत बसले तो धनराज होता. आता बोला!

धनराज माझा धाकटा दीर. मी सून होऊन या घरात आले तेव्हा हा हाफपँटीत, एका हातात भाकर आणि नाकाला शेंबूड. त्यामुळे ‘भाऊजी’ म्हणायच्या भानगडीत मी पडलेच नाही, ‘बाबू’ म्हणते. आता बाबूच्या डोक्यावरचे केस मागं सरकायला लागलेत, तरी बाबूच. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून याला खाऊपिऊ घालणं माझ्याकडं आलं, आणि त्यासोबत रागवायचा हक्कही आला. तो मी अजून सोडलेला नाही.

धंदा म्हणाल तर हा लोकांच्या घरावर टीव्हीच्या छत्र्या बसवतो. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर मांजरासारखा चढतो, एक कवेलू फुटू देत नाही. पण खरा जीव त्याचा धंद्यात नाही, ढगांत आहे. आमच्याकडं सोसाट्याच्या वादळाला वावधन म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर ऊन नुसतं भाजून काढतं, आणि दुपार कलली की मावळतीकडं काळं उभं राहतं. मग बाया वाळवण गोळा करतात, माणसं गुरं बांधतात, कोंबड्यासुद्धा आपसूक टोपलीखाली जातात. आमचा बाबू मात्र मोटारसायकलची किल्ली शोधतो. कोंबडीला कळतं ते याला कळत नाही!

वावधनाच्या मागं जायचं, पुढं जाऊन गाठायचं, मोबाइल उंच धरायचा आणि ओरडायचं, “मंडळी, पाहा, पाहा, कसं येऊन राह्यलं!” हे सगळं तो यूट्यूबवर टाकतो. पाहणारे लोक आहेत म्हणे, बरेच आहेत. त्यातलं कोणी त्याला पोरगी द्यायला मात्र पुढं आलेलं नाही.

पोरीवरून आठवलं. भद्रावतीला एक स्थळ पाहायला गेलो होतो. नीलिमा नाव, हसरी, शिकलेली, मला तर बघताक्षणी आवडली. पोह्यांची बशी समोर आली आणि हा खिडकीबाहेर पाहत बसला. मुलीचे वडील म्हणाले, “काय पाहता धनराजभाऊ?”

“ढग पाहून राह्यलो काका. हे वरोऱ्याकडून येणार. आमी निघतो.”

आणि निघाला की हो! पोहे तसेच, नीलिमा तशीच, मी आणि गुणवंतराव, म्हणजे माझे यजमान, आम्ही दोघं सोफ्यावर बसलेलो. परतायला आम्हांला बस धरावी लागली. त्या दिवशी मी इतकी संतापले होते की घरी येऊन त्याच्या वाटचा स्वयंपाकच केला नाही. तो आला, चिंब भिजलेला, गालातल्या गालात हसत, आणि डब्यातले मुरमुरे खाऊन झोपला.

पण एक सांगते, सुरुवातीला नुसता तमाशा पाहणारा हा पोरगा मध्येच बदलला. एकदा सिंदेवाहीकडचा व्हिडिओ त्यानं आम्हांला मोठ्या कौतुकानं दाखवला. टिनपत्रे उडताहेत, झाडं वाकताहेत, आणि एक म्हातारी आपल्या टिनामागं वावरातून धावते आहे. गुणवंतराव फारसं बोलत नाहीत. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, “मग त्या बाईले टिन भेटलं का?”

बाबू रात्रभर कूस बदलत होता. सकाळी उठून तो त्या गावाला गेला, म्हातारी शोधली, टिनही शोधलं, आणि दिवसभर तिच्या छपरावर खिळे ठोकून आला. तेव्हापासून याचं वेड वाढलं, पण निदान कामाचं झालं. विक्की म्हणून याचा मित्र आहे, त्याच्याकडं छोटा हत्ती आहे, म्हणजे मालवाहू टेम्पो हो, सोंडेचा नव्हे. त्यात ताडपत्र्या, दोर, आरी, कुऱ्हाड, बांबू असं सगळं भरून दोघं वावधनाच्या मागं जातात. व्हिडिओ दोन मिनिटांचा, मग मोबाइल खिशात आणि माणूस छपरावर. लोक त्यांना ‘वावधनवाले’ म्हणतात. कुठं काही उडालं की पहिला फोन यांना येतो.

आणि या वावधनवाल्यांचा एक नियम आहे. ज्या गावात काम करायचं तिथं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. याचं कारण मला माहीत आहे. एका गावात लोकांनी यांना आग्रहानं पुऱ्या खाऊ घातल्या, यांनी पोटभर हाणल्या, आणि निघताना कळलं की त्या घरात कोरडं पीठ तेवढंच उरलं होतं. बाबू घरी येऊन माझ्यासमोर रडला. मग त्यानं नियम केला आणि तो असा काही पाळतो की जणू हिमालयातून आत्ताच उतरला आहे. विक्कीचे मात्र हाल. विक्कीला भूक लागली की त्याचा चेहरा रडवेल्या पोरासारखा होतो, पण बाबूपुढं बोलायची सोय नाही.

तर त्या दिवशी मी पुढच्या सीटवर, दोघांच्या मध्ये, मांडीवर आहेर. वैनगंगा ओलांडली. आरमोरी आलं. लांबून बँड ऐकू येत होता, माझ्या बहिणीच्याच दारचा असणार. तेवढ्यात बाबूचा फोन वाजला, त्यानं ऐकला, मग त्या मोबाइलवर ढगांचा नकाशा काढला आणि विक्कीच्या खांद्यावर थाप मारली.

“वयनी, पाच मिनटं हं.”

“बाबू! लग्नघर आलं की रे!”

“लग्न तं संध्याकाळपर्यंत हाये. कुरखेड्याकडं एक टोला पुरा उघडा पडला. पत्रूदादाचा फोन होता.”

आणि गाडी वळली. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. विक्कीनं मात्र भेदरून गाडी अजूनच जोरात हाणली.

टोला म्हणजे पाडा; हा येरमेटोला, जंगलातली वीसेक घरं. सगळे गोंड. वावधन नुकतंच होऊन गेलेलं. वाटेवर फांद्या, अंगणात फुटक्या कवेलूंचा चुरा, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा. गावातली तरणी माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली, मागं उरलेली म्हातारी माणसं, बाया आणि लेकरं. पत्रूदादा गावातले जाणते. त्यांनी दोन्ही हात जोडून “सेवा जोहार” केला, माझ्या साडीकडं पाहिलं, आणि भला माणूस लगेच पुढं चालायला लागला.

बाबू आणि विक्की कामाला लागले. एकेक घर झाकत गेले. मी झाडाखाली आहेर धरून बसले होते. किती वेळ बसणार? शेवटी पदर खोचला आणि बायांबरोबर कवेलू वेचायला लागले. विक्कीनं मध्येच एक कैरी उचलली, पँटला पुसली आणि तोंडाजवळ नेली, तशी चार बाया एकदम ओरडल्या. त्यांच्याकडं नव्या आंब्याचा सण झाल्याशिवाय, देवाला दिल्याशिवाय कोणी कैरीला तोंड लावत नाही. विक्कीनं कैरी अशी हळूच खाली ठेवली की जणू तिला झोप लागली होती.

शेवटचं घर टोकाला, सुकरीबाईचं. तिथं गेलो. अर्धं छप्पर नव्हतंच, उरलेल्याची चाळण झालेली. आत खाटेवर तिची सून बुधरी, ताजी बाळंतीण. इसरू, तिचा नवरा, तिकडं मिरचीवर. आणि कोपऱ्यात, जिथं चार कवेलू शिल्लक होते त्यांच्या खाली, सुपात फडकं घालून बाळ निजवलेलं. सूप सरकवत सरकवत त्यांनी त्या एवढ्याशा कोरड्या जागेत आणलं होतं. बाळ माझ्या ओंजळीत मावलं असतं.

बाबूनं मोबाइल पाहिला आणि त्याचा रंगच उतरला. “वयनी, मागून दुसरं येऊन राह्यलं. ह्याच्याहून मोठं. गारा हायेत त्यात.” मग विक्कीला ओरडला, “ताडपत्री आण! एकच उरली ना? आण लवकर!”

भिंतीला बांबूची शिडी लावलेली होती. बाबूनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तर सुकरीबाई पुढं आल्या. वाळक्या काठीसारख्या, पण आवाज खणखणीत.

“दादा, भात टाकते. खाऊन मग चढ.”

“नाई मावशी, आमी काही खात नाई. पाणी द्या, बस.”

“खात नाई?”

“नाई. नियम हाये आमचा.”

म्हातारीनं शांतपणे शिडी भिंतीपासून काढली, आडवी केली आणि तिच्यावर बसली. चक्क बसली! विक्की ताडपत्री खांद्यावर घेऊन तसाच उभा.

“मावशी, काय करून राह्यल्या? आभाळ पाहा! पोट्ट्याच्या अंगावर पाणी पडन!”

“हाव. माहाच नातू हाये. मले दिसते.” म्हातारी हलेना. “आमच्या घरावर चढणारा आमच्या घरचं खाते. इथी सारे तसंच करतेत. खाल्लं तं ते घरचं माणूस. नाई खाल्लं तं ते भीक झाली. मी भीक घेत नाई.”

पत्रूदादा मागून हळूच म्हणाले, “ते खरं हाये धनराजभाऊ. आमच्या घरी तुमी खाल्लं नाई तं मी बोललो नाई, पाव्हणे म्हणून. पण आमच्या घरी तवापासून बायको माह्यावर चिडून हाये.”

बाबूनं हात जोडले. “मावशी, तुमचं धान भिजलं. तुमच्या घरात आता काय असन? अन् बाळंतीण घरात. तिच्या तोंडचं मी खाऊ?”

“तुले काय करायचं माह्या घरात काय हाये त्याचं? मी विचारलं का तुह्या घरी काय हाये?”

विक्कीनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “वयनी, पडलेली कैरी खायची नाई, अन् घरात नसलेला भात खायचाच. मले तं काहीच समजत नाई. पण मी भाताच्या बाजूनं हावो.”

मावळतीकडं आभाळ जांभळंकाळं होत चाललं होतं. वारा एकदम थांबला, पानही हलेना, आणि आमच्या भागात ज्याचा जन्म गेला त्याला ते थांबणं काय ते कळतं. आत बाळ रडायला लागलं. म्हातारी शिडीवर. बाबू नियमावर. दोघंही खरे, दोघंही हट्टी, आणि छप्पर उघडं! माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू!

“बाबू,” मी म्हणाले, “तोंड बोलायला बंद कर आणि जेवायला उघडं ठेव.” मग सुकरीबाईंकडं वळले. “बाई, मी याची वहिनी. लहानपणापासून याला मीच जेवायला वाढलंय. तुम्ही भात टाका. मी चुलीपाशी बसते. भात शिजेपर्यंत याला वर चढू द्या. न खाता निघाला तर मी याचा कान धरून आणते आणि तुमच्यासमोर बसवते. माझा शब्द.”

सुकरीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, रेशमी साडी, मोगरा, चिखलानं भरलेले पाय. काय वाटलं कोण जाणे, हसल्या, आणि शिडीवरून उठल्या. बाबूनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याची किडनीच विकली. पण चढला.

मी चुलीपाशी. लाकडं ओली, नुसता धूर. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी. सुकरीबाईंनी मडक्यातले वरचे भिजलेले तांदूळ बाजूला केले, पार तळात हात घातला आणि कोरडे होते ते काढले. वाटी नाही, माप नाही, मुठीनं. मला राहवलं नाही, म्हणाले, “बाई, थोडे ठेवा.” त्यांनी ऐकलंच नाही. सोबत चिंचेचं सार केलं. वर बाबूची पावलं वाजत होती, विक्की खालून दोर फेकत होता, आणि खाटेवरून बुधरी डोळे न मिटता वर पाहत होती.

तीन कोपरे बांधून झाले आणि वावधन आलं. आलं म्हणजे कसं, आधी लांबून जंगलाचा आवाज, मग सगळं एकदम अंगावर. बाबू शिडीवरून उतरला की पडला, मला कळलं नाही. चौथ्या कोपऱ्याचा दोर त्याच्या हातात होता. बांधायला वेळच नव्हता. तो दोर घेऊन आत धावला, मयालीवरून, म्हणजे छपराच्या मधल्या लाकडावरून, टाकला, मनगटाला दोन वेढे दिले आणि पाय रोवून उभा राहिला. विक्कीनं दार पाठीनं दाबून धरलं.

गारा पडायला लागल्या. ताडपत्री फुगायची, वर उठायची, आणि तिच्यासोबत बाबूही टाचांवर उठायचा, मग सगळा भार टाकून तिला परत खाली ओढायचा. सूप आता बुधरीच्या खाटेवर, तिच्या कुशीत. दोर सुटला असता तर त्या गारा थेट त्या ओंजळभर जिवावर.

मी बाबूच्या तोंडाकडं पाहिलं. इतकी वावधनं ज्यानं हसत हसत पाहिली तो माणूस भ्यालेला होता. खरंच भ्यालेला. त्यानं आजवर वादळ मोकळ्यावर उभं राहून पाहिलं होतं. घरात बसून, वर पाहत, आपलं लेकरू पोटाशी धरून पाहतात तसं कधी पाहिलं नव्हतं.

“वयनी,” तो ओरडला, “जाईन काय वं हे?”

“नाही जात,” मी ओरडले. मला काय माहीत होतं? पण सांगितलं.

आणि तेवढ्यात सुकरीबाई पळसाच्या पानावर भात घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वाफ निघत होती. मी म्हणाले, “बाई, आत्ता?” त्या म्हणाल्या, “आत्ताच. शिजला ना!”

“मावशी, हात गुतले हायेत!”

“तुहे गुतले. माहे मोकळे हायेत.” त्यांनी सार ओतलं, भात कालवला, घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला. “आ कर.”

बाबूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. वर गारा तडतडत होत्या. त्यानं तोंड उघडलं.

म्हातारी एकेक घास भरवत गेली. ताडपत्री उठली की थांबायची, तो ओढून परत खाली आला की पुढचा घास. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात नव्हता, तर तिनं पदरानं तेही पुसलं. मी या पोराला कितीदा जेवू घातलं असेल. त्याला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. दारातून विक्की म्हणाला, “मावशी, माहे बी हात गुतले हायेत,” आणि त्या परिस्थितीतही बुधरी खाटेवर फिसकन हसली.

मग कधीतरी गारा थांबल्या. नुसता पाऊस राहिला, आणि मग तोही पानांवरून टपकण्यापुरता. ताडपत्री पोटात पाणी धरून, जड होऊन, जागेवर होती. खाटेवर एक थेंब नव्हता. बाळ झोपलं होतं.

“सोड बाबू. गेलं,” मी म्हणाले.

त्याला सोडताच येईना. बोटं दोरावर वळून तशीच आखडली होती. विक्कीनं एकेक बोट उलगडलं, दोर मयालीला गाठ मारून बांधला, आणि बाबू जिथं उभा होता तिथंच ओल्या जमिनीवर मटकन बसला. तळहातांवर दोराचे लाल वळ उठले होते. सुकरीबाई रिकामं पान हातात घेऊन त्याच्याकडं पाहत होत्या. त्यानं त्या पानाकडं पाहिलं. मग लहानपणी माझ्याकडं मागायचा अगदी त्याच आवाजात म्हणाला, “मावशी, अजून हाये काय?”

सुकरीबाई उठल्या. मडकं आडवं करून त्यांनी बुडाला लागलेली खरवड काढली आणि त्याच्या सुजलेल्या हातावर ठेवली. तो खात राहिला.